खांबाचे तेल

गेल्या कोजागरीला आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात दूध आटत असताना एका स्नेह्यांनी मला सहज विचारले, "तुम्ही लहानपणी बडोद्यात मल्लखांब करीत होता म्हणे. मग सोडला कशामुळे?" या प्रश्नाचे एक तयार उत्तर चाळीस वर्षांहून अधिक काळ माझ्यापाशी होते. एस.एस.सी.चे वर्ष आले, वडिलांनी आखाडा बंद करविला, पुढे नोकरी लागली, असे ते उत्तर. लग्न झाल्यावर पत्नीला मी तेच सांगितले आणि मुलांनाही तेच. त्या रात्री मात्र ते ओठांवर आले नाही. 'सांगेन कधीतरी' असे म्हणून मी दुधाचा पेला हाती घेतला. दिलेला शब्द पाळावा म्हणून हा लेख.

माझा जन्म बडोद्याचा, १९५९ चा. दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला आमचे बिऱ्हाड होते. त्या काळी जुन्या बडोद्यातील मराठी घरांत मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याला तालमीत घालण्याची रीत होती. मुंज आणि तालीम यांत फारसे अंतर नसे. या रीतीमागे गायकवाडी काळातली एक मोठी परंपरा उभी होती. जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचे नाव त्या काळी बडोद्याबाहेरही घेतले जाई. कुस्ती, मल्लखांब, लाठी, फरीगदका, लेझीम या साऱ्यांना माणिकरावांनी शिस्तीत बसविले, शेकडो मुलांना एका वेळी व्यायाम करता यावा म्हणून सांघिक कवायत घडविली आणि तिच्या आज्ञा आपल्या भाषेत आणल्या. मोडलेले हाड बसविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असे जुनी माणसे सांगत. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे आपल्या गुजरातेतल्याच डभोईचे. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी माणिकरावांपाशी व्यायामाचे शिक्षण घेतले होते. पुढे त्यांनी योगाभ्यासाला प्रयोगशाळेत नेले.

याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. १९३६ ते १९४९ अशी तेरा-चौदा वर्षे त्या कामात गेली. आमच्या वडिलांकडे त्यातला एक खंड होता. त्यातील आकृत्या पाहून मी अंथरुणावर अढीचा प्रयत्न करी आणि आईचा मार खाई. तो खंड मी सुरतेला आणला होता. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात अडाजणच्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले, त्यात तो गेला. पुस्तके उन्हात वाळत घातली तेव्हा त्याची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. हा खेळ मुळात कुस्तीचा सोबती आहे. जोडीदार नसेल तेव्हा मल्लाने ज्याच्याशी झुंजावे असा हा लाकडी जोडीदार. त्याच्या शिखरावर गोलसर बोंड, त्याखाली बारीक मान, आणि खाली बुडापर्यंत वाढत जाणारे अंग. मान, कंबर आणि मांडी कोठे धरायची हे मल्ल या खांबावर शिकतो. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सांगतात. त्यानंतर ही विद्या जणू जमिनीखाली गेली. ती पुन्हा वर आली ती दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांच्या हातून.

त्याविषयीची कथा आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा पोरसवदा बाळंभटाने विडा उचलला. मुदत मागून तो वणीच्या सप्तशृंगीला गेला. तेथे प्रत्यक्ष मारुतीने खांबावर खेळून त्याला डाव दाखविले. परत येऊन त्याने गुलाबला चीत केले, आणि अलीने कुस्ती न धरताच हार मानली. मारुतीच्या जागी खरोखरचे माकड मानले तरी कथेचे काही बिघडत नाही. झाडाच्या बुंध्यावर सरसर चढणारे, उलटे लटकणारे आणि पडता पडता सावरणारे माकड ज्याने लक्षपूर्वक पाहिले, त्याला निम्मा मल्लखांब समजला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, आणि त्यांच्या आश्रयाची माणसे उत्तरेत पांगली. त्यांच्याबरोबर हा खांबही गेला. राज्य गेल्यावर मराठी माणसाने परमुलखात जे जपून नेले त्यांत मल्लखांब आहे, याचा आपल्यासारख्या स्थायिक कुटुंबांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे.

आमची तालीम लहान होती. तिचे नाव येथे देत नाही. कारण पुढे कळेल. दहा हात रुंद, वीस हात लांब अशी कौलारू जागा, मध्ये तांबड्या मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती, आणि मागच्या उघड्या चौकात पुरलेला सागवानी मल्लखांब. वस्ताद साठीचे होते. बोलणे मोजके. 'शाबास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून आठ वर्षांत दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा तो दुसऱ्यासाठी होता. पहिले सहा महिने त्यांनी आम्हाला खांबावर चढू दिले नाही. जोर, बैठका, हौदाची माती खणणे, आणि खांबाला तेल लावणे एवढेच.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मल्लखांबाला एरंडेल लावतात. आपल्या देशातली बहुतांश एरंडी गुजरातेत पिकते, त्यामुळे बडोद्यात ते मुबलक. उघड्या अंगाने लाकडावर खेळताना घर्षणाने कातडी सोलली जाते, ती वाचविण्यासाठी हे तेल. पण ते थोडेसेच हवे, आणि लाकडात मुरलेले हवे. आदल्या संध्याकाळी तळहातावर घेऊन, बोंडापासून बुडापर्यंत चोळून, वर कोरड्या फडक्याने पुसून काढायचे. रात्रभरात लाकूड ते पिते. सकाळी हात फिरविला तर खांब गुळगुळीत लागावा, पण तळहाताला ओल लागू नये. तेल कमी पडले तर मांड्या सोलतात, आणि जास्त झाले तर पकड सुटते. ज्या मुलाकडे तेलाची पाळी असेल त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या सगळ्यांची हाडे असतात. हे वस्तादांनी कधी बोलून दाखविले नाही. ते केवळ सकाळी आल्याबरोबर खांबावरून हात फिरवीत आणि तळहात पाहत.

मी बरा खेळत असे. अढी ही पहिली पायरी. खांबाला दोन्ही हातांनी मिठी घालून कंबर वर झोकायची, पाय डोक्यावर नेऊन मांड्यांनी खांब आवळायचा, आणि मग हात सोडून उलटे राहायचे. जग उलटे दिसते आणि रक्त कानांत वाजू लागते. तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा हे सारे त्या अढीच्या पुढचे. चौदाव्या वर्षी मी बोंडावर उभा राहू लागलो होतो. धाकट्या मुलांना मी 'दादा' होतो, आणि ते मला मनापासून आवडत होते.

१९७४ च्या गणेशोत्सवात आमच्या तालमीची प्रात्यक्षिके होती. आदल्या संध्याकाळी तेलाची पाळी माझी होती. त्या संध्याकाळी मित्रांनी सिनेमाची तिकिटे काढली होती. सकाळी लवकर येऊन लावू, असे म्हणून मी गेलो. सकाळी उशिरा उठलो. मांडवात लोक जमू लागले असताना मी घाईने खांबावर तेल ओतले, दोन हात फिरविले, फडके मारल्यासारखे केले आणि खाली उतरलो. सर्वांत लहान मुलाने पहिली सलामी द्यायची हा रिवाज. तो अकरा वर्षांचा होता. चपळ, काटकुळा, आणि अढीत सर्वांत पक्का. तो मानेपर्यंत चढला, अढी घातली, हात सोडले. लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि टाळ्या वाजत असतानाच तो सरकत खाली आला. डोके वाचविण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि तो कोपराजवळ मोडला. तो आवाज मी आजही सांगू शकेन, पण सांगत नाही.

वस्तादांनी तेथल्या तेथे हाड बसविले, बांबूच्या कामट्या बांधल्या. पोर घाबरले, पकड सुटली, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्याच्या आईपुढे उभे राहून म्हणालो. हाड जुळले, पण कोपर पुरते सरळ झाले नाही. त्याचा मल्लखांब तेथे संपला. माझाही संपला, पण तो मी संपविला. आठवडाभराने मी तालमीत जाणे सोडले आणि घरी एस.एस.सी.चे कारण सांगितले. वडिलांनी आखाडा बंद करविला ही गोष्ट त्यानंतर केव्हातरी मीच रचली. वडील बिचारे उलट 'जात जा रे' म्हणत होते.

पुढचे आयुष्य नियमाप्रमाणे झाले. सयाजीराव विद्यापीठाची पदवी घेतली, राज्य सरकारच्या महसूल खात्यात लागलो, व्यारा, बारडोली, आहवा अशा बदल्या झाल्या आणि शेवटी सुरतेत स्थिरावलो. १९८३ मध्ये व्याऱ्याला असताना वडिलांचे पोस्टकार्ड आले. त्यात इतर मजकुरासोबत वस्ताद गेल्याची एक ओळ होती. मधल्या नऊ वर्षांत मी बडोद्याला अनेकदा गेलो, पण त्या गल्लीतून कधी गेलो नाही. बाजाराला जायचे तर लांबचा रस्ता धरी. घरच्यांना वाटे, याला फिरण्याची हौस आहे.

२०१७ मध्ये निवृत्त झालो. लिंबायतमधल्या एका मराठी शाळेतले ओळखीचे शिक्षक एकदा म्हणाले, "साहेब, आमची पोरं झेंड्याच्या खांबावर चढतात. रागावून उपयोग होत नाही. त्यांना काहीतरी शिकवा." शाळेने सकाळच्या वेळी पटांगणाचा एक कोपरा दिला. आहव्याच्या दिवसांपासून डांगच्या सागाची पारख होतीच. एका कातारी मिस्त्रीकडून खांब करून घेतला. जमिनीवर साडेआठ फूट. मुलींसाठी कडुलिंबाच्या फांदीला सुती दोर टांगला. वेताचा मल्लखांब आणि त्यातून आलेला दोरीचा मल्लखांब हे त्याच कुळातले. दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून चढायचे, म्हणजे हात मोकळे राहतात.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी स्वतः पुन्हा अढी घालायला निघालो तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली आणि मुलगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. पहिले तीन महिने कंबर वर जाईना. जोर आणि बैठका यांपासून सुरुवात केली, लहान मुलासारखी. चौथ्या महिन्यात एका सकाळी पाय वर गेले आणि खांब मांड्यांत आला. हात सोडण्याचे धैर्य मात्र झाले नाही. अजूनही मी हात सोडत नाही. मुलांना दाखविण्यापुरते तेवढे पुरते.

येथे आपल्या मंडळींना एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्गासाठी मी आधी आपल्या जुन्या कुटुंबांतच विचारले होते. दोन मुले आली. त्यांतला एक टिकला. बाकीची अकरा मुले धुळे, नंदुरबार, जळगावहून तापी खोऱ्याच्या गाडीने आलेल्या आणि मागावर काम करणाऱ्या घरांतली आहेत. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, शाळेत मराठी. नोकरीत असताना ही वस्ती माझ्यापुढे अर्ज, दाखले आणि अतिक्रमणाच्या नोंदी यांच्या रूपाने येत असे. 'आपण' म्हणताना ही माणसे त्यात धरावीत, हे मला इतकी वर्षे सुचले नव्हते. परंतु ही विद्या आजवर टिकली आहे ती कोणाच्या घराण्याने नव्हे. माणिकरावांच्या गुरूंचे नाव जुम्मादादा होते. गुजरातभर आखाड्यांची चळवळ उभी केली ती पुराणी बंधूंनी. त्यांतले अंबुभाई याच सुरतेत जन्मले आणि पुढे पुदुच्चेरीच्या आश्रमात गेले. जो अंग घासायला तयार झाला, त्याच्याकडे खांब गेला.

वर्गात एक नियम पहिल्या दिवसापासून होता. तेल मी स्वतः लावीन. दुसरे कोणी लावायचे नाही. मुलांना वाटे, सर हौशी आहेत.

२०१९ च्या उन्हाळ्यात बडोद्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत समोरच्या ओळीत एक गृहस्थ डाव्या हाताने पाणी वाढीत होते. उजवा हात किंचित वाकलेला. पंचेचाळीस वर्षांनी मी त्यांना ओळखले आणि त्यांनी मला त्याआधीच ओळखले होते. जेवणानंतर मांडवामागे खुर्च्या टाकून आम्ही बसलो. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग मी सांगितले. सिनेमाचे, उशिरा उठल्याचे, तेल ओतल्याचे, त्याच्या आईसमोर बोललो त्याचेही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"दादा, वस्तादांना ठाऊक होतं."

मी काहीच बोललो नाही.

"त्या दिवशी संध्याकाळी माझ्या हाताला कामट्या बांधलेल्या. मी तालमीत मारुतीपाशी बसलो होतो. सगळे गेल्यावर वस्तादांनी खांबावरून हात फिरवला, तळवा पाहिला आणि धोतराला पुसला. मला म्हणाले, तुझी पकड सुटली नाही, पोरा. मग म्हणाले, तो येईल. मी विचारलं, कोण? म्हणाले, ज्याने तेल लावलं तो."

"कोणाला सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही. मलाही सांगू दिलं नाही. दोन-तीन वर्षांनी मीच म्हटलं, आता कशाला वाट बघता? तर म्हणाले, खांब कुठं जातोय?"

त्याने मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. निघताना त्याने माझ्या वर्गात मुले किती, खांब कोणत्या लाकडाचा, असे विचारले. दोरीसाठी सूत कोठले घेता, हेही विचारले. दुसऱ्या दिवशी सुरतेला परतण्यापूर्वी मी त्या गल्लीत गेलो. तालमीच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. मागच्या चौकात स्कूटर उभ्या होत्या.

तेव्हापासून वर्गाचा नियम बदलला. मुलांना एका सकाळी खांबाभोवती बसवून मी सारे सांगितले, काही न गाळता. आणि तेलाची पाळी त्यांच्यावर सोपविली. महामारीमुळे २०२० नंतर वर्ग बराच काळ बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा नऊ मुले परत आली. आता दिवस बदलले आहेत. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गुजरातेत भरल्या, त्यांत मल्लखांब प्रथमच होता, आणि बडोद्याच्या एका दहा वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळविले. ती बातमी मी मुलांना वाचून दाखविली. दादरच्या उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही. मुलांचे डोळे चमकले. माझ्या मनात मात्र तो अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे कोपर सरळ राहिले असते तर तो कोठवर गेला असता, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे संपते. एक प्रसंग तेवढा राहिला. गेल्या श्रावणात एका सकाळी मी पटांगणात पोचलो तेव्हा मुले आधीच जमली होती, पण कोणी चढले नव्हते. तेलाची पाळी होती तो बारा वर्षांचा मुलगा फाटकापाशी उभा होता. त्याची आई रात्रपाळीला गेलेली, धाकटी बहीण तापाने फणफणलेली. त्याला संध्याकाळी येता आले नव्हते. पहाटे येऊन त्याने तेल लावले होते.

"सर," तो म्हणाला, "आज तेल माझ्याकडून जास्त झालं. अजून मुरलं नाही."

मी खांबावरून हात फिरविला. तळवा ओला झाला. मग पिशवीतून दोन फडकी काढली, एक त्याला दिले, आणि आम्ही दोघांनी मिळून बोंडापासून बुडापर्यंत खांब पुसून काढला. त्या दिवशी जोर-बैठकाच झाल्या.